लंडन–पॅरिस विमान: जाताना २ तास २० मिनिटं, येताना फक्त २० मिनिटं?

कैरीपन्हं

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात आई-बाबा सांगलीहून माझ्याकडे लंडनला येतायत. त्यातच चार दिवस पॅरिस करून यावं असा बेत आहे. काल विमानाची तिकिटं चाळत होते. हीथ्रोहून ११:३० ला निघून पॅरिसच्या शार्ल द गोलला १३:५०. परतीचं पॅरिसहून १६:०० ला सुटतं आणि हीथ्रोला पोचतं १६:२० ला! घड्याळातला एक तासाचा फरक मला कळतो. तो हिशेबात धरला की दोन्हीकडून १ तास २० मिनिटं येतात. इथवर ठीक.

पण बाबा एसटीतून आगारप्रमुख म्हणून निवृत्त झालेत. त्यांनी फोनवर लगेच अंतर काढलं, ३४४ किलोमीटर. आणि विचारलं, "ताशी आठशेनं जाणाऱ्या यंत्राला एवढ्यासाठी ऐंशी मिनिटं? अर्धा तास तरी कमी लागायला हवा. बाकीचा वेळ मुरतो कुठे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तर दोन प्रश्न. एक, हा वेळ खरंच कुठे मुरतो? दोन, सत्तरीतल्या दोन माणसांना घेऊन विमानानं जावं की ट्रेननं?

झणझणीत_रस्सा

पहिला मी! बाबांना इथलं सभासदत्व द्या, तुमच्यापेक्षा त्यांचे धागे जास्त चालतील. (हलकं घ्या.)

ढगातला_कारकून

बाबांना दंडवत. प्रश्न आगारप्रमुखालाच सुचावा असा आहे. मी एका विमान कंपनीत उड्डाणांचं नियोजन करणाऱ्या टेबलावर काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तिकिटावरची वेळ ही हवेत असण्याची वेळ नसतेच. विमानाच्या चाकाखालचे अडसर काढून त्याला गेटवरून मागे ढकललं की घड्याळ सुरू होतं आणि पलीकडच्या गेटला लागून अडसर परत घातले की थांबतं. आम्ही त्याला ब्लॉक टाइम म्हणतो. एसटीच्या भाषेत, फलाटावरून गाडी हलली ते पुढच्या फलाटाला लागली. मधलं गावातलं रेंगाळणं त्यातच आलं.

तुम्ही काढलेलं ३४४ किमी हे शहर ते शहर आहे. हीथ्रो ते शार्ल द गोल साधारण ३४८. विमानानं यातलं हवेतलं काम ४५ ते ५० मिनिटांत उरकतं. म्हणजे बाबांचा अर्ध्या तासाचा अंदाज बरोब्बर आहे. तो अर्धा तास जमिनीवर जातो. हीथ्रोला धावपट्ट्या दोनच. दिवसभर एकीवरून उड्डाणं आणि दुसरीवर उतरणं, अशी वाटणी असते. त्यामुळे उडणाऱ्यांची रांग लागते. इंजिनं सुरू करून, रांगत जाऊन, नंबर लागेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. पॅरिसला धावपट्ट्या चार आहेत, पण विमानतळ एवढा पसरलाय की उतरल्यावर गेट गाठायलाच दहा मिनिटं लागू शकतात.

आता ४५-५० मिनिटं तरी का? ताशी ८३०नं ३४८ किमी म्हणजे पंचवीसच मिनिटं होतात. तर तो वेग वर गेल्यावरचा. दहा हजार फुटांखाली साधारणपणे २५० नॉट, म्हणजे ताशी ४६० किमीच्या वर जायचं नाही असा नियम आहे. इतक्या छोट्या प्रवासात विमान चढतं, जेमतेम पंधरा-वीस मिनिटं सरळ जातं की उतरायला लागतं.

आणखी एक गंमत. विमान वाऱ्याला तोंड देऊन उडतं आणि उतरतं. लंडनला वर्षातले साधारण ७० टक्के दिवस वारा पश्चिमेचा, म्हणून उड्डाणही पश्चिमेकडे, विंडसरच्या किल्ल्याच्या बाजूला. पॅरिस आहे आग्नेयेला! म्हणजे आधी पाठ फिरवून निघायचं आणि मग वळायचं. पॅरिसलाही तोच वारा असला तर उतरतानाही पुढे जाऊन परत वळून यायचं. नकाशावरची सरळ रेषा फक्त नकाशावरच असते.

विदर्भाचा_वाघ्या

@कारकून भाऊ, आता समजलं. आमचं मुंबई–नागपूर पाहा ना. हवाई अंतर सातशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे लंडन–पॅरिसच्या दुप्पट. तिकिटावर वेळ दीड तास. अंतर दुप्पट झालं तरी वेळ दहाच मिनिटं वाढला! म्हणजे जवळ जाणाऱ्यालाच जास्त भुर्दंड हाय.

ढगातला_कारकून

@वाघ्या, अगदी नेमकं. जमिनीवरचा वेळ, चढणं, उतरणं हे ठरलेलंच असतं. ते २०० किमीला लागतं तेवढंच २००० ला. विमानाची कमाई मधल्या सपाट पट्ट्यात. लंडन–पॅरिसमध्ये तो पट्टा जवळजवळ नाहीच.

तिरकस_बाण

एक खुसपट. कंपन्या मुद्दाम जास्त वेळ लिहितात, म्हणजे उशिरा निघूनही "वेळेआधी पोचलो" म्हणून टाळ्या मिळवता येतात. हे कुणी सांगणार आहे की नाही?

ढगातला_कारकून

सांगतो की. वेळापत्रकात मोकळी जागा ठेवतात, नाकारत नाही. ठरलेल्या वेळेपासून पंधरा मिनिटांच्या आत पोचलं तर विमान "वेळेवर" मोजलं जातं आणि त्यावर कंपनीची अब्रू ठरते. पण सगळा दोष लबाडीला देऊ नका. युरोपातल्या आकाशाची वाटणी ब्रुसेल्सहून युरोकंट्रोल नावाची संस्था करते. गर्दी झाली की ती प्रत्येक विमानाला उडायची वेळ नेमून देते. त्या वेळेच्या पाच मिनिटं आधीपासून दहा मिनिटं नंतरपर्यंत उडालात तर ठीक, नाहीतर नवीन वेळ मागा. दारं लावून विमान चाळीस मिनिटं उभं, बाहेर ऊन लख्ख आणि वैमानिक म्हणतोय "स्लॉट मिळाला नाही", हा अनुभव इथे बऱ्याच जणांना असेल. अडथळा फ्रान्सच्या वरच्या आकाशात असतो, खिडकीतून कसा दिसणार?

परतीला हीथ्रोची तऱ्हा वेगळी. उतरायला जागा नसेल तर विमानं चार ठरलेल्या ठिकाणी घिरट्या घालतात: बोव्हिंग्डन, लॅम्बोर्न, ऑकम आणि बिगिन. खिडकीतून तेच गोल्फचं मैदान तिसऱ्यांदा दिसलं की समजायचं.

रुळावरची

अगं कैरीपन्हं, विमानाचा विचारच सोड. सेंट पँक्रासहून युरोस्टार पकड. ४९२ किलोमीटर रूळ, सर्वांत वेगवान गाडी २ तास १६ मिनिटांत पॅरिसच्या गार द्यू नोर स्टेशनात. शहराच्या पोटातून शहराच्या पोटात.

विमानाचा खरा हिशेब मांड. मध्य लंडनहून हीथ्रो तासभर. तिथे दोन तास आधी. विमान १ तास २०. पॅरिसला पासपोर्टची रांग. मग आरईआर बी या लोकल गाडीनं गार द्यू नोरपर्यंत अर्धा-पाऊण तास. साडेपाच-सहा तास झाले की नाही? ट्रेनला तास-सव्वा तास आधी जा, सव्वादोन तास बस, उतर, बाहेर पड. साडेचार तासांत हॉटेलात.

मुख्य म्हणजे फ्रान्सची पासपोर्ट तपासणी लंडनच्या स्टेशनातच होते. फ्रेंच पोलीस सेंट पँक्रासलाच बसलेले असतात. पॅरिसला उतरल्यावर रांग नाही, थेट रस्त्यावर. परतताना उलट: ब्रिटनची तपासणी पॅरिसलाच उरकते आणि लंडनला उतरून सरळ ट्यूब, म्हणजे इथली मेट्रो. वयस्कर माणसांना याचा फार फरक पडतो. उतरल्यावर पाय भरून आलेले असताना रांगेत उभं राहणं नको वाटतं.

सामानाचंही सुख. दोन बॅगा, प्रत्येकी ८५ सेंटिमीटरपर्यंत, वजनाचा काटा नाही.

तिरकस_बाण

@रुळावरची, हिशेब झकास, फक्त एक रकाना गाळलात: पैसे. महिनाभर आधीसुद्धा युरोस्टारचं तिकीट पाहून माणूस घामाघूम होतो. त्यात मे महिना, सुट्ट्या. तिघांचं जाऊन-येऊन काय होईल ते बघा आणि मग विमानाला नावं ठेवा.

शिवाय सगळे काही सेंट पँक्रासशेजारच्या किंग्ज क्रॉसला राहत नाहीत. मी हाऊन्सलोला राहतो. हीथ्रो मला वीस मिनिटं, सेंट पँक्रास तासभर. रेडिंग, स्लाव, बाथ इथल्या लोकांचंही तेच. आणि पॅरिसमध्ये डिस्नेलँडला जायचं असेल तर शार्ल द गोलखालूनच टीजीव्ही ही वेगवान गाडी सुटते, दहा मिनिटांत मार्न-ला-व्हालेला. शहरात शिरायचीच गरज नाही. धागाकर्तीनं राहते कुठे ते आधी सांगावं.

कैरीपन्हं

@बाण, हॅरो. म्हणजे ना घर का ना घाट का. :) सेंट पँक्रासला मेट्रोपॉलिटन लाइन थेट जाते मात्र.

रुळावरची

मग निकाल लागला! किंग्ज क्रॉस सेंट पँक्रासला उतरून जिना चढलीस की स्टेशनच. पैशाचं बाण म्हणतात ते खरं आहे, ते मी गिळत नाही. तिकिटं आत्ता काढ. मंगळवार-बुधवार दुपारची गाडी बघ, शुक्रवार संध्याकाळ आणि रविवार टाळ.

पोटापुरतं

आई-बाबांच्या व्हिसाचं आधी बघा. ब्रिटनच्या व्हिसावर फ्रान्समध्ये जाता येत नाही, शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा, वेगळा लागतो. आणि पर्यटक म्हणून लंडनला आलेल्यांना तो इथून सहसा मिळत नाही, राहत्या देशातूनच काढावा लागतो. तेव्हा सांगलीहून निघण्यापूर्वी हातात हवा.

दुसरं, ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर ईईएस नावाची नवी नोंदणी पद्धत सुरू झालीय. शिक्क्याऐवजी यंत्रावर नोंद. पहिल्या वेळेला वेळ जास्त लागतो, तेव्हा ट्रेन असो की विमान, हाताशी जादा अर्धा तास ठेवा.

नाना_मोडकघर

तरुणांचं वेगाचं भांडण वाचून मजा आली. जुन्या माणसाची थोडी भर.

या दोन शहरांमधली नियमित रोजची विमानसेवा २५ ऑगस्ट १९१९ ला सुरू झाली. जगातली अशी पहिलीच आंतरराष्ट्रीय सेवा म्हणून तिचं नाव घेतात. हाऊन्सलो हीथच्या माळावरून (बाणसाहेब, तुमचं गाव!) पॅरिसच्या ल बूर्जेला. एअरको डीएच-४ए जातीचं युद्धातलं विमान, प्रवाशांसाठी सुधारलेलं. प्रवासी एक. बरोबर वर्तमानपत्रं, शिकार केलेले ग्राउस पक्षी आणि डेव्हनशायरची साय. वेळ अडीच तास. आज शंभरावर वर्षांनी दारापासून दारापर्यंत धरलं तर विमान काय फार पुढे गेलंय असं मला वाटत नाही.

सत्तरच्या दशकात मी इंग्लंडात शिकायला होतो. तेव्हा नाईट फेरी नावाची गाडी होती. रात्री व्हिक्टोरिया स्टेशनात निळ्या डब्यात झोपायचं, सकाळी गार द्यू नोर. मधे समुद्र! डोव्हरला अख्खे डबे बोटीत चढवायचे, साखळदंडांनी डेकला जखडायचे आणि डन्कर्कला परत रुळांवर. झोपेत लाटा कळायच्या नाहीत, पण साखळ्यांचा खणखणाट मेलेल्यालाही उठवील असा. १९३६ ला सुरू झालेली ती गाडी १९८० च्या ऑक्टोबरअखेर बंद पडली. पुढे १९९४ ला बोगदा आला. साडेपन्नास किलोमीटरचा, त्यातले जवळजवळ अडतीस समुद्रतळाखाली. सुरुवातीला युरोस्टारला तीन तास लागायचे, कारण इंग्लंडच्या बाजूला जुनेच रूळ होते. फ्रान्समध्ये वाऱ्यासारखी पळणारी गाडी केंटमध्ये लोकलच्या मागे रखडायची. नवे रूळ सेंट पँक्रासपर्यंत पोचले ते नोव्हेंबर २००७ ला.

आणि बाबांना घड्याळाचंही सांगा. पॅरिस लंडनच्या पूर्वेला जेमतेम अडीच अंश आहे. सूर्याच्या हिशेबानं फरक दहा मिनिटांचाही नाही. १९४० पर्यंत दोन्हीकडे एकच वेळ होती. त्या जूनमध्ये जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरलं आणि शहराचे काटे बर्लिनच्या वेळेला लावले. युद्ध संपलं, जर्मन गेले, काटे मात्र तिथेच राहिले. तुमच्या तिकिटावरची २० मिनिटांची गंमत त्यामुळे.

झणझणीत_रस्सा

नाना, लाजवाब! डबे बोटीत घालायची कल्पनाच भन्नाट.

बाय द वे, १९१९ ला विमानातून साय गेली, आज तुम्ही डब्यात श्रीखंड नेऊन बघा. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून तिकडे दूध, मांस आणि त्यांचे पदार्थ न्यायला बंदी आहे. पेढे, तूप, चीज सँडविच, सगळं त्यात आलं. एप्रिल २०२५ पासून उलट बाजूनंही तेच, पॅरिसचं चीज लंडनला आणता येत नाही. सांगलीहून पेढ्यांचा डबा येणारच, तो हॅरोतच संपवा.

हुज्जतखोर

धाग्याचा विषय वेळ आणि अंतर आहे, तर या दोन्हींवर पैसे कसे ठरतात तेही वाचून ठेवा. युरोपात विमानाला तीन तास किंवा जास्त उशीर झाला आणि दोष कंपनीचा असला तर भरपाई मिळते. १५०० किमीपर्यंत २५० युरो. ब्रिटनच्या नियमात तेवढ्याच अंतराला २२० पौंड. वादळ, हवाई नियंत्रकांचा संप असलं काही असेल तर नाही.

माझ्या बाबतीत काय झालं, चाकं टेकली तेव्हा उशीर तीन तासांना मिनिटभर कमी होता. कंपनीनं लिहिलं, "तीन तास झालेच नाहीत." मी गप्प बसणाऱ्यातला नाही. युरोपीय न्यायालयाचा २०१४ चा निकालच आहे. साल्झबुर्गहून कोलोन-बॉनला जाणारं विमान २ तास ५८ मिनिटं उशिरानं धावपट्टीवर टेकलं, जागेवर उभं राहिलं तेव्हा ३ तास ३ मिनिटं झाली होती. न्यायालय म्हणालं, पोचण्याची वेळ म्हणजे विमानाचं निदान एक दार उघडलं ती वेळ. तोपर्यंत प्रवासी अडकलेलाच असतो! हा निकाल जोडून पाठवल्यावर पैसे निमूट आले.

अंतराचंही तसंच. विमान कितीही वळसे घेवो, नियमात अंतर मोजतात ते पृथ्वीच्या गोलावरचं थेट अंतर. २०१७ चा निकाल: रोमहून हॅम्बुर्ग, मधे ब्रसेल्सला विमान बदललं. दोन टप्प्यांची बेरीज १६५६ किमी, थेट अंतर १३२६. प्रवाशांना वाटलं पंधराशेच्या वरचा दर मिळेल. न्यायालय म्हणालं, थेट अंतरच धरायचं. तेव्हा ट्रान्झिट घेऊन लांबून गेल्याचा मोबदला नाही.

आणि विमानाचं दार उघडलं की फोनवर एक फोटो काढून ठेवायचा. सवयच लावून घ्या.

विदर्भाचा_वाघ्या

भाऊ, तुम्ही वकील आहात का?

हुज्जतखोर

नाही. पुणेकर.

डब्लिनची_उषा

जरा माझाही प्रश्न यात घुसवते. डब्लिनहून पॅरिस अगदी मातीमोल भावात मिळतंय, दोन तासांच्या आत. घेऊ का?

तिरकस_बाण

@उषाताई, तिकिटावर "बोव्हे" लिहिलंय का बघा. लिहिलं असेल तर ते पॅरिस नव्हे, पॅरिसच्या उत्तरेला ८० किलोमीटरवरचं गाव आहे. तिथून बसनं सव्वा तास, बसचं भाडं वेगळं. तिकिटाइतकंच भाडं बसला पडलं तर नवल नको. जर्मनीत फ्रँकफर्ट-हानचंही तेच, फ्रँकफर्टपासून सव्वाशे किलोमीटर. या कंपन्या रोह्याला उतरवून मुंबई म्हणतील.

डब्लिनची_उषा

बोव्हेच आहे. :( धन्यवाद.

रुळावरची

शेवटचा एक मुद्दा मांडते आणि थांबते. आमच्यासारखे लोक उगाच ट्रेनचे भाट नाहीत. माद्रिद–बार्सिलोना बघा. तिथे १९७४ पासून "हवाई पूल" होता, आधी आरक्षण न करता जायचं, पुढचं विमान पकडायचं, आपल्या शटलसारखं. जगातल्या सगळ्यांत गजबजलेल्या मार्गांपैकी तो एक. २००८ च्या फेब्रुवारीत ६२१ किलोमीटरची वेगवान रेल्वे पूर्ण झाली, अडीच तासांत इकडून तिकडे, आणि विमानाचे प्रवासी धडाधड रुळांवर आले. फ्रान्सनं तर २०२३ ला कायदाच अमलात आणला: जिथे ट्रेन अडीच तासांच्या आत पोचवते तिथलं देशांतर्गत विमान बंद. प्रत्यक्षात पॅरिसच्या ऑर्लीहून नांत, लियों आणि बोर्दो हे तीनच मार्ग त्यात सापडले.

तिरकस_बाण

तीनच, आणि तेही ऑर्लीचेच. शार्ल द गोलहून पुढच्या विमानासाठी लियोंला उडत जाता येतंच. कायदा म्हणजे वरून कीर्तन. असो, ट्रेन चांगली आहे हे मान्य, तिकीट स्वस्त करा म्हणजे मीही टाळ वाजवतो.

कैरीपन्हं

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना कारकूनदादांचा प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवला. "पश्चिमेकडे उडून आग्नेयेला जायचं" यावर ते खूश आहेत. त्यांचं म्हणणं, कोल्हापूरची गाडीही आधी आगारात डिझेलला उलटीच जायची.

ठरलं असं: जाताना ट्रेन, बुधवारी दुपारची, तिकिटं काढलीसुद्धा. येताना विमान, कारण परतीच्या दिवशीची ट्रेन खिशाला झेपेना, आणि बाबांना १६:०० ला निघून १६:२० ला पोचायचंच आहे. शेंगेनची भेटीची वेळ सांगलीहून मुंबईला मिळाली आहे.

एक शेवटचं. आई पक्की शाकाहारी, अंडंही नाही. पॅरिसला उतरल्यावर जवळपास काही मिळेल का? गाडी दुपारची असल्यानं पोचेपर्यंत भूक लागणार.

पोटापुरतं

काळजी नको. गार द्यू नोरमधून बाहेर पडून ला शापेलच्या दिशेनं चालायला लागा. पाच-सात मिनिटांत फोबूर सँ-दनीच्या रस्त्यावर तमिळ पाट्या दिसायला लागतात. श्रीलंकेतून आलेल्या तमिळ लोकांची वस्ती आहे ती. डोसा, इडली, वडा, केळीची पानं, नारळ, सगळं मिळतं. शुद्ध शाकाहारी खानावळीही आहेत, फक्त आत शिरताना एकदा विचारा, कारण शेजारच्याच दुकानात मटणाचं कोत्तू रोटी चाललेलं असतं. स्टेशनाच्या आवारात पाकीट आणि फोन मात्र पुढच्या खिशात ठेवा.